विश्लेषण : पडलेला नायक ते हिंदी गाण्यातील जॅझचा सूत्रधार… पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर ‘सी. रामचंद्र’ कसे झाले?

‘ऐ मेरे वतन के लोगो’ आणि ‘ईना मीना डीका’ ही दोन टोकांची गाणी एकाच माणसाची. त्याला खरे तर नट व्हायचे होते. पहिलाच चित्रपट आपटला आणि तो पेटीकडे वळला. पुढे त्याच्या गाण्यांतून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो आणि शिट्टीही घराघरांत पोहोचली.

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून गेलात, तर लाऊडस्पीकरवरून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ कानावर पडतेच. चौकाला नावच क्रांतीचे. तिथे त्या दिवशी दुसरे काय वाजणार? पण लग्नसराईत याच रस्त्याने वरात निघते, तेव्हा बँडवाले किंवा डीजेवाले हमखास ‘शोला जो भडके’ लावतात आणि नवरदेवाचे काकाही दोन्ही हात पुढे करून कमरेत हलके झोके घेऊ लागतात.

पहिल्या गाण्याला डोळे पाणावतात, दुसऱ्याला पाय थांबत नाहीत. दोन्ही चाली एकाच माणसाच्या. दुसऱ्या गाण्यातला पुरुषाचा आवाजही त्याचाच. मोबाइलवर ‘शोला जो भडके’ शोधले, तर गायक म्हणून चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र अशी दोन नावे दिसतात. अनेकांना ही दोन वेगळी माणसे वाटतात.

कोण होते सी. रामचंद्र?

पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबा. क्रांती चौकातून वैजापूरच्या दिशेने निघाले, तर साधारण शंभर किलोमीटरवर गोदावरीच्या काठी हे गाव लागते. चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना, दौंड–मनमाड मार्गावरील जंक्शनमुळे रेल्वे प्रवाशांना आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे सगळ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. चितळकर जन्मले तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते आणि पुणतांबा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आजच्या हिशेबाने शेजारचे गाव, तेव्हा वेगळ्या राजवटीतले.

संगीताचे शिक्षण शास्त्रीय. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत, विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे ते शिकले. विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि ग्वाल्हेर गायकीतले मोठे नाव. पुढे ज्या माणसावर हिंदी संगीतात परदेशी थिल्लरपणा आणल्याचा आरोप झाला, त्याची बैठक अशी होती.

नावांचा घोळ मात्र त्यांनी स्वतःच घातला. गायक म्हणून चितळकर, संगीतकार म्हणून सी. रामचंद्र. सुरुवातीच्या काही चित्रपटांत राम चितळकर, काहींत अण्णासाहेब, एका चित्रपटात तर शामू. सिनेसृष्टीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच माणसाची पाच अकाउंट होती आणि फॉलोअर पाच ठिकाणी वाटले गेले.

नायक म्हणून काय झाले?

१९३५ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ चित्रपटात चितळकरांना थेट नायकाची भूमिका मिळाली. वय अवघे सतरा-अठरा. तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत नुकती कुठे सुरू होत होती. नटाला स्वतः गाता येणे ही गरज होती, आणि गाता येणारा, बरा दिसणारा तरुण नायक होऊ शकत होता. चितळकरांकडे दोन्ही होते. चित्रपट मात्र चालला नाही आणि नायकपदही त्याबरोबर गेले.

मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटी कामे सुरू झाली. ‘सैद-ए-हवस’ आणि ‘आत्मतरंग’ या चित्रपटांत ते किरकोळ भूमिकांत दिसले. काल नायक असलेला मुलगा आज गर्दीतला एक झाला होता. पण याच कंपनीत बिंदू खान आणि हबीब खान हे संगीतकार होते. चितळकर त्यांच्या साथीला हार्मोनियमवर बसू लागले. कॅमेऱ्यासमोर जागा नव्हती, पेटीमागे होती.

इथून पुढे सुमारे तीस वर्षे अभिनय जवळपास बंद झाला, असेच त्यांच्या कारकिर्दीच्या यादीवरून वाटते. गाणी ऐकली की तसे वाटत नाही. चितळकरांचा आवाज तलत महमूदसारखा मखमली नव्हता, रफींसारखा तीन सप्तकांत फिरणाराही नव्हता. त्या आवाजात पात्र होते. कधी खट्याळ प्रियकर, कधी भाबडा कारकून, कधी साहेबी ऐट मिरवणारा फाकडा. पडद्यावर हुकलेल्या भूमिका हा माणूस माइकसमोर करत राहिला.

संगीतकार म्हणून सुरुवात तमिळमध्ये कशी?

कारण होते भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणगावातून आलेला, कुस्तीचा शौकीन, मारधाडीचे स्वस्त चित्रपट झटपट काढणारा हा माणूस मद्रासकडेही जाऊन चित्रपट करत होता. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांचे संगीत त्याने मित्र चितळकरकडे सोपवले. भाषा येत नसताना मिळालेले ते काम होते. शब्दांचा आधार नाही म्हटल्यावर चाल आणि ठेका यांच्यावरच सगळी भिस्त.

१९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत नाव होऊ लागले. तोही भगवानदादांचाच चित्रपट. या दोघांची दोस्ती पुढे ‘अलबेला’पर्यंत पोहोचली. त्याकडे येऊच, पण आधी जॅझचे कोडे सोडवायला हवे. ग्वाल्हेर गायकी शिकलेल्या, पेटी वाजवणाऱ्या मराठी माणसाला हे संगीत सापडले कुठे?

मुंबईत जॅझ आले कुठून?

ते आले समुद्रमार्गे आणि उतरले ताजमहाल हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी वादकाचा बँड ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. अमेरिकेत काळ्या कलाकारांना मागच्या दाराने प्रवेश मिळण्याचे ते दिवस. मुंबईत राजेरजवाडे, गोरे अधिकारी आणि पारशी धनिक त्यांच्या सुरांवर नाचत होते.

या बँडमध्ये आणि आसपास गोव्याचे वादक होते. त्यांच्याकडे एक कौशल्य होते, जे तेव्हा हिंदुस्थानी वादकांकडे सहसा नसे. ते कागदावर लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू शकत. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. रोजगारासाठी मुंबईत आलेला गोमंतकीय तरुण दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवू शकत होता, तो या शिक्षणाच्या जोरावर.

यातले एक ठळक नाव म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, बार्देशातील हळदोणे. लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत. ट्रम्पेट वाजवायची ढब, गाण्याची घोगरी लकब, घाम पुसायचा रुमाल, सगळे तसेच. ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड होता. चितळकरांच्या वाद्यवृंदातही तो आला आणि त्यांचा साहाय्यक झाला.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचाही यात हात आहे. दारू बंद झाल्यावर हॉटेलांतील नाचाच्या रात्री ओस पडू लागल्या. वादकांना पोटासाठी दुसरीकडे बघावे लागले आणि दादर, परळ, अंधेरीतल्या चित्रपट स्टुडिओंना नेमके तेच वादक हवे होते. हिंदी सिनेमातला ऑर्केस्ट्रा पन्नाशीच्या दशकात अचानक भरघोस वाटतो, त्यामागे हा सरकारी कायदाही आहे.

हे मिश्रण प्रत्यक्ष जमायचे कसे?

आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वररेषा चालते. गायक पुढे जातो, पेटी-सारंगी त्याच्या मागून. पाश्चात्त्य पद्धतीत त्या एका रेषेखाली दोन-तीन स्वर एकाच वेळी दाबून रंग भरला जातो, त्याला कॉर्ड म्हणतात. केरव्यात आपला कान समेवर जातो. स्विंग प्रकारच्या जॅझमध्ये चारच्या मोजणीत दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी पडते. शिवाय प्रत्येक ठोक्याचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा तोकडा. त्यामुळे ताल लंगडत, झुलत चालल्यासारखा वाटतो. सरळ चालणारा माणूस आणि मस्तीत डुलत चालणारा माणूस यांच्यात जो फरक, तो.

चितळकर पेटीवर चाल बांधत. ती त्यांच्या डोक्यात आलेली शुद्ध मराठमोळी किंवा रागदारी वळणाचीही असे. मग गोव्याचा संयोजक ती कागदावर उतरवी, तिच्याखाली कॉर्ड बसवी, मधल्या जागांत ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटचे तुकडे लिही. बेनी गुडमन या अमेरिकी क्लॅरिनेटवादकाचा चितळकरांवर मोठा प्रभाव होता. ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि माउथ ऑर्गन हे एकत्र वापरायची कल्पना त्यांनी हिंदीत रुजवली.

काटेकोर बोलायचे तर हे शुद्ध जॅझ नव्हे. जॅझचा प्राण असतो जागेवर सुचलेले वादन. तीन मिनिटांच्या तबकडीत त्याला फारसा वाव नव्हता. त्यात लॅटिन अमेरिकेचा रुंबा होता, पुढे रॉक अँड रोल आला. आणि चितळकर स्वतः ट्रम्पेट घेऊन मंचावर उभे राहणारे वादक नव्हते. पण हे सूर ताजच्या नाचघरातून काढून गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत नेले, ते त्यांनीच. म्हणून हिंदी गाण्यातील जॅझचा इतिहास त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

श्रेयाचा प्रश्न मात्र उरतो. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस… या संयोजकांची नावे पडद्यावर एक तर येत नसत किंवा साहाय्यक म्हणून झरकन निघून जात. गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी गाण्यातून गुरूला केलेला तो सलाम होता. तोवर त्यांचा स्टुडिओतला काळ संपून गेला होता.

‘संडे के संडे’वर टीका का झाली?

‘शहनाई’ हा फिल्मिस्तानचा चित्रपट पडद्यावर आला, ती तारीख होती १५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र होत असताना थिएटरात शिट्टीवर सुरू होणारे, प्रेयसीला रविवारी भेटायला बोलावणारे गाणे वाजत होते. गीतकार आणि दिग्दर्शक प्यारेलाल संतोषी. गायकांत स्वतः चितळकर.

नायक साहेबी थाटात अंडे-कोंबडीची मेजवानी देऊ करतो, नायिका देशी ठसक्यात त्याला उडवून लावते, अशी ती जुगलबंदी. अभिरुचीसंपन्न मंडळी खवळली. हे थिल्लर आहे, उसने आहे, असा सूर निघाला. लोकांनी मात्र गाणे डोक्यावर घेतले. गंमत अशी की गाण्यात हरतो तो साहेबी बाबूच. टीकाकारांनी बहुधा शिट्टीच्या पुढे ऐकले नसावे.

मग रांगच लागली. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगूनला गेलेल्या नवऱ्याचा डेहराडूनच्या बायकोशी फोनवरचा संवाद गाण्यात आला. शमशाद बेगम एका बाजूला, चितळकर दुसऱ्या. हे गाणे म्हणजे तीन मिनिटांची एकांकिका आहे. १९५० च्या ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ हे अमीरबाई कर्नाटकी आणि लता मंगेशकर यांनी गायले. त्याची चाल ‘चिको चिको’ या लॅटिन धाटणीच्या परदेशी गाण्यावरून घेतलेली. उचलेगिरीचा आरोप इथे नाकारता येत नाही. पण मूळ आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐकले तर शब्दांच्या फेकीतला खोडकरपणा पूर्णपणे इथला आहे हे कळते.

‘अलबेला’त नेमके काय घडले?

१९५१ पर्यंत भगवानदादा स्टंटपटांचे राजे होते, पण शहरी प्रेक्षक त्यांना मोजत नसे. राज कपूर यांनी त्यांना कौटुंबिक-सामाजिक चित्रपट काढायचा सल्ला दिला, असे सांगतात. त्यांनी ‘अलबेला’ काढला. दिग्दर्शक, निर्माते आणि नायकही स्वतःच. नायिका गीता बाली, गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत अर्थात अण्णांचे.

कथेतला प्यारेलाल गरीब घरातला तरुण. त्याला नट व्हायचे असते. घरी टोमणे, खिशात पैसे नाहीत, तरी रंगमंचाचे वेड सुटत नाही. शेवटी तो खरेच मोठा नट होतो. या प्यारेलालला आवाज कोणी दिला? सोळा वर्षांपूर्वी नायक म्हणून पडलेल्या चितळकरांनी. नट होण्याचे स्वप्न पडद्यावर पाहणारा एक आणि ते गाणारा दुसरा, दोघेही मराठी, दोघेही रूढ अर्थाने नायकाच्या साच्यात न बसणारे. भगवानदादांचे बुटके, गोल शरीर आणि चितळकरांचा साधा, किंचित हसरा आवाज एकमेकांत असे बसले की दुसऱ्या कुणाचा आवाज तिथे कल्पनेतही येत नाही.

‘शोला जो भडके’साठी बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी जमवाजमव होती. हवाई बेटांवरच्या नाचासारखा पेहराव, मागे बँड. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदारही याच चित्रपटात झालरीचे लॅटिन पद्धतीचे कपडे घालून पडद्यावर दिसतात. स्टुडिओच्या भिंतीआड राहणाऱ्या वादकांना चेहरा मिळाल्याचा तो दुर्मीळ प्रसंग. या गाण्यातली भगवानदादांची जेमतेम हलणारी नाचाची ढब पुढे अमिताभ बच्चन यांच्यापर्यंत अनेकांनी उचलली. क्रांती चौकातल्या वरातीत काकांच्या अंगात येते ती हीच.

त्याच चित्रपटात लता मंगेशकर यांनी गायलेली पिलू रागाच्या वळणाची अंगाई आहे. एका तबकडीवर बोंगो, दुसऱ्यावर पाळणा. चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला.

१९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते आणि मराठी भाषक. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. तिथे अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. एका मराठी मंत्र्याने दार लावले आणि एका मराठी संगीतकाराची गाणी श्रीलंकेमार्गे परत घरात आली.

‘ईना मीना डीका’चे शब्द कुणाचे?

१९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातले हे गाणे अर्थहीन अक्षरांवर उभे आहे. जॅझमध्ये याला स्कॅट म्हणतात. गायक शब्द सोडून देतो आणि गळ्याचे वाद्य करतो. आपल्याकडच्या तराण्याशी त्याचे दूरचे नाते जोडता येईल, आणि विनायकबुवांच्या शिष्याला तराणा काही नवा नव्हता.

गाण्याच्या जन्माची कथा अशी सांगितली जाते. संगीताच्या खोलीबाहेर मुले राज्य कुणावर, हे ठरवण्यासाठी मोजणी करत होती. तो ठेका चितळकरांनी पकडला. साहाय्यक जॉन गोम्स गोव्याचे. त्यांनी त्यात कोकणी ‘माका नाका’ जोडले, म्हणजे ‘मला नको’. राजेंद्र कृष्ण यांनी बाकीचे बसवले. देशभरात ज्या अक्षरांना निरर्थक समजून लोक नाचले, त्यातला एक तुकडा तरी अस्सल कोकणी निघाला. एक आवृत्ती किशोर कुमार यांची, दुसरी आशा भोसले यांची. किशोर कुमार यांचा सुसाट आविष्कार ऐकताना हिंदी सिनेमा रॉक अँड रोलच्या किती जवळ पोहोचला होता, ते जाणवते.

मग ते फक्त नाचगाण्यांचे संगीतकार होते का?

अजिबात नाही. १९५३ चा ‘अनारकली’ हा त्यांचाच. त्यातले ‘ये जिंदगी उसी की है’ भीमपलासीवर आधारित. बागेश्री हा त्यांचा लाडका राग; ‘अनारकली’त आणि पुढे ‘आझाद’मध्येही त्यांनी तो वापरला.

‘आझाद’ची गोष्ट सिनेवर्तुळात अजून सांगतात. कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओच्या श्रीरामुलू नायडू यांना दिलीप कुमार–मीना कुमारी यांच्या चित्रपटासाठी अत्यंत कमी वेळात सगळी गाणी हवी होती. नौशाद यांनी इतक्या घाईत काम करायला नकार दिला. चितळकरांनी ते काही आठवड्यांत हातावेगळे केले. एका युगलगीतासाठी तलत महमूद वेळेवर मिळेनात, तेव्हा माइकसमोर अण्णा स्वतः उभे राहिले आणि तलत यांच्या ढंगात गायले. हा पुन्हा अभिनयच होता.

लता मंगेशकरांशी दुरावा, आणि मग ते गाणे

१९४९ नंतरच्या दशकात लता मंगेशकर हा चितळकरांच्या संगीताचा मुख्य आवाज होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दोघांचे बिनसले. कारणांविषयी दोन्ही बाजू वेगवेगळ्या आहेत आणि त्यावर भरपूर चघळून झाले आहे. परिणाम सरळ दिसतो. १९५९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’मध्ये लता नाहीत, आशा भोसले आणि महेंद्र कपूर आहेत. होळीला हमखास वाजणारे ‘जा रे हट नटखट’ याच चित्रपटातले. चित्रपट गाजला, पण कामाचा ओघ आटत गेला. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचा बोलबाला होता. ज्या पाश्चात्त्य वाद्यमेळासाठी चितळकरांना नावे ठेवली गेली, तो आता सगळ्यांचाच झाला होता.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झाले. पराभवाने देश खचला होता. कवी प्रदीप यांनी शहीद जवानांवर गीत लिहिले आणि चाल चितळकरांकडे आली. सुरुवातीला ते आशा भोसले गाणार होत्या, मग दोघी बहिणींच्या युगलगीताचा विचार झाला, शेवटी लता यांनी एकट्याने गायले, असा त्याचा प्रवास सांगितला जातो. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर ते सादर झाले. नेहरूंचे डोळे पाणावल्याची आठवण त्यानंतर प्रत्येक पिढीला सांगितली गेली.

बोंगो आणि सॅक्सोफोनसाठी बदनाम झालेल्या माणसाने तिथे जवळपास काहीच वाजवले नाही, असे वाटावे इतकी ती चाल संयत आहे. आवाज पुढे, वाद्ये मागे. गाणे लताबाईंचे म्हणून अमर झाले, थोडेफार प्रदीप यांचे म्हणून. तिसरे नाव शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदकही क्वचितच घेतो.

पुन्हा कॅमेऱ्यासमोर

साठच्या दशकात हिंदीतले काम कमी झाल्यावर चितळकरांनी मराठी चित्रपट काढायचे ठरवले. १९६६ चा ‘धनंजय’ आणि १९७० चा ‘घरकुल’. निर्माते तेच, संगीतकार तेच. आणि या दोन्ही चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केली. ‘नागानंद’नंतर तीस वर्षे उलटून गेली होती. पन्नाशीच्या आसपासचा हा माणूस अठराव्या वर्षीचे अर्धवट राहिलेले काम पुरे करायला पुन्हा प्रकाशझोतात येऊन उभा राहिला.

नट म्हणून यावेळीही फार काही हाती लागले नाही. संगीताने मात्र साथ सोडली नाही. ‘घरकुल’मधले ‘पप्पा सांगा कुणाचे’ महाराष्ट्रातल्या निदान दोन पिढ्यांनी गॅदरिंगमध्ये गायले आहे. सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ला आशा भोसले यांच्या आवाजात त्यांनी दिलेली चाल त्याच चित्रपटातली. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला संगीत दिले. शंभरच्या आसपास हिंदी चित्रपट करून झाल्यावर मराठीतला हा मुक्काम छोटाच, पण घट्ट लक्षात राहणारा.

१९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आले. चर्चा झाली ती त्यातल्या प्रेमप्रकरणांच्या सूचक उल्लेखांचीच अधिक.

चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सी. रामचंद्र यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. भगवानदादा मागे उरले. एकेकाळी जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळी गाडी असलेला हा माणूस ‘अलबेला’नंतरच्या चित्रपटांत सगळे गमावून दादरच्या चाळीत येऊन राहिला. गणपतीच्या मिरवणुकीतले बँडवाले त्या चाळीपुढे थांबून ‘अलबेला’तली धून वाजवत आणि म्हातारे भगवानदादा बाहेर येऊन दोन पावले नाचत, असे सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तेही गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाई यांनी भगवानदादा साकारले. सी. रामचंद्र यांच्यावर चित्रपट अजून यायचा आहे.